रूळ नव्हे, रुळाखालची जमीन

खोक्यातून नवी एलएम गाइड, म्हणजे मशीनचा भाग सरळ रेषेत नेणारी रेल आणि तिच्यावर गोळ्यांच्या आधाराने धावणारा ब्लॉक, बाहेर काढली की पहिला मोह होतो तो तिच्याकडे एका डोळ्याने बघण्याचा. एक टोक गालाशी धरायचं, दुसरा डोळा मिटायचा आणि धार सरळ दिसते का ते पाहायचं. कडक पोलादाची, ग्राइंड केलेली चकचकीत रेल असते. ब्लॉक तिच्यावरून लोण्यातून सुरी जावी तसा जातो. आपण समजतो की सरळपणा पैसे मोजून घरी आणला, आता भोकं पाडायची आणि बोल्ट मारायचे. घरच्या घरी सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमावर कोरणारं मशीन) किंवा छोटं मिलिंग मशीन (फिरत्या कटरने धातू कापणारं) बांधणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. माझीही इथेच झाली.

माझ्या पहिल्या मशीनची फ्रेम ६० बाय ६० च्या चौकोनी नळीची होती. वेल्डिंग केलं, रंग मारला आणि रेल थेट नळीवर बसवली. ब्लॉक एका टोकाकडून झरझर यायचा आणि बरोबर मध्यावर अडायचा. मी ब्लॉकला शिव्या घातल्या, मग रेल बनवणाऱ्याला, मग ती मला विकणाऱ्याला. एका जुन्या फिटरने येऊन अडणाऱ्या जागेच्या आसपासचे चार बोल्ट अर्धा-अर्धा आटा ढिले केले आणि ब्लॉक सरकवून दाखवला. ब्लॉक मुकाट निघून गेला. ‘‘रेल चांगली आहे,’’ ते म्हणाले, ‘‘तिला वाकवलंय तुम्ही.’’

त्या एका वाक्यात सगळा विषय आहे. रेल सरळ असते म्हणून मशीन सरळ चालत नाही. रेल ज्या पृष्ठभागावर आवळता त्याचा आकार ती घेते. कंपनी जो सरळपणा लिहून देते, तोही रेल सपाट पायावर आवळलेली असतानाचा. मोकळी रेल किंचित वाकडी असली तरी तो दोष नाही, कारण तिला सरळ करण्याचं काम पायाने आणि बोल्टांनी मिळून करायचं असतं.

पण रेल नेमकी किती वाकते? याचं एक ढोबळ गणित करून बघितलं की पुढची निम्मी धडपड वाचते. २० मिलिमीटर रुंदीची रेल घ्या, जिला बाजारात २० नंबरची म्हणतात. तिची उंची साडेसतरा मिलिमीटर, दर ६० मिलिमीटरवर एक एम-५ बोल्ट. समजा खालच्या पायात ३०० मिलिमीटर लांबीचा, ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल असा पसरट खळगा आहे. त्या खळग्याच्या तळाशी रेल टेकवायला साधारण ७० किलोचं वजन पुरतं. नीट आवळलेला एक एम-५ बोल्ट ९०० किलोच्या आसपास ओढतो. म्हणजे रेल निमूटपणे खळग्यात जाऊन बसणार. आता तेवढाच खोल खळगा दोन शेजारच्या बोल्टांच्या मधल्या ६० मिलिमीटरात आहे असं धरा. तिथे रेल टेकवायला आठ टनांहून जास्त जोर लागेल. म्हणजे रेल तिथे वाकणारच नाही, ओढ्यावर टाकलेल्या फरशीसारखी वरून निघून जाईल.

यातून दोन गोष्टी निघतात. लांब लाटा रेल जशाच्या तशा उचलते, त्यामुळे त्या मोजून काढाव्या लागतात. छोटे खड्डे ती ओलांडून जाते, त्यांची फार चिंता नको. छोट्या टेंगळांची गोष्ट मात्र वेगळी. टॅप केलेल्या (आटे पाडलेल्या) भोकाच्या काठावर उभी राहिलेली बर (धातूची बारीक धारदार कोर), रंगाचा पोपडा, ड्रिलचा एखादा कीस यापैकी काहीही रेलखाली राहिलं तर रेल त्यावर चढून बसते आणि दोन्ही बाजूंचे बोल्ट तिला त्याच्याभोवती वाकवतात. खळगा परवडतो, टेंगूळ परवडत नाही.

किती सपाट म्हणजे सपाट?

सुतार म्हणतो, एखादं सूत इकडे-तिकडे चालतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. टर्नर थाऊत बोलतो. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. झेरॉक्सचा कागद शंभरेक मायक्रॉन जाड असतो, डोक्याचा केस साधारण सत्तर. आपला सगळा खेळ केसाच्या जाडीच्या खाली चालतो.

हायविनसारख्या उत्पादकांच्या तक्त्यात २० नंबरच्या रेलसाठी साधारण असे आकडे दिसतात: दोन रेल एकमेकींपासून ५०० मिलिमीटरवर असतील आणि ब्लॉकमध्ये हलकाच प्रीलोड (गोळ्यांवर आधीच दिलेला दाब) असेल, तर दोघींच्या उंचीत सव्वाशे-एकशे तीस मायक्रॉनपर्यंत फरक चालतो. मध्यम प्रीलोडला हाच आकडा ८५ च्या आसपास येतो. पण दोघींच्या समांतरपणात मात्र फक्त २०-२५ मायक्रॉनची मुभा असते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उलटं वाटलं होतं. विचार केल्यावर पटतं. उंचीतला फरक ५०० मिलिमीटरवर पसरतो, ब्लॉक जरासा कलंडतो आणि काम चालू राहतं. समांतरपणा बिघडला तर दोन रेल एकमेकींना थेट दाबतात किंवा ताणतात आणि ब्लॉकमधल्या गोळ्यांना पळायला जागाच उरत नाही.

हे आकडे गोळ्या लवकर झिजू नयेत म्हणून दिलेले आहेत. तुमचं मशीन किती अचूक कापेल याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. लाकडाची नक्षी कोरणाऱ्या राउटरला मीटरमागे पन्नास-साठ मायक्रॉनची लाट असली तरी लाकूड काही तक्रार करत नाही, दमट हवेत ते स्वतःच त्याहून जास्त फुगतं. ॲल्युमिनियम कापायचं असेल तर वीस-तीसच्या आत यायला बघा. पोलादावर मिलिंग करायचं असेल तर हा लेख वाचून झाल्यावर एकदा शांत बसून विचार करा.

सपाटपणापेक्षा फसवा असतो तो पीळ. दोन्ही रेल आपापल्या परीने सरळ असतील, पण एकीचं एक टोक जरा वर आणि दुसरीचं विरुद्ध टोक जरा वर असेल, तर चार ब्लॉकवर बसलेली प्लेट चालताना मुरगळत जाते. तिवई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांची खुर्ची फरशीतली खोट लगेच दाखवते. प्लेटखालीही चार ब्लॉक असतात म्हणून चारही जागा एका प्रतलात लागतात.

फ्रेम वाकडी का होते

चौकोनी नळीची बाजू दिसायला सपाट, पण फूटपट्टी आडवी लावून उजेडासमोर धरली की मध्ये फट दिसते किंवा पट्टी डुलते. युरोपीय मानकांत नळीच्या बाजूचा अर्ध्या मिलिमीटरचा फुगीरपणा किंवा खोलगटपणा मान्यच केलेला आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे ५०० मायक्रॉन. तेव्हा रेल थेट नळीवर बसवायची नसते. नळीवर १०-१२ मिलिमीटर जाडीची एमएस (साध्या नरम पोलादाची) पट्टी लावायची आणि ती पट्टी सपाट करायची.

पण पट्टी लावायला वेल्डिंग आलं आणि वेल्डिंग आलं की ओढाताण आली. वितळलेला धातू थंड होताना आखडतो आणि आपल्याकडची बाजू ओढून घेतो. नळीच्या खालच्या अंगाला पाय वेल्ड केले तर खालची बाजू आखडते आणि वरची फुगते. माझ्या मशीनमधलं मधलं टेंगूळ हेच होतं, बरोबर मधल्या पायाच्या वर. यावर खरा उपाय स्ट्रेस रिलीव्हिंगचा. फ्रेम भट्टीत ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवायची, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला तासभर ठेवायची आणि भट्टीतच सावकाश निवू द्यायची. मोठ्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटवाले असतात, पण एका घरगुती फ्रेमसाठी त्यांच्या भट्टीत जागा मिळणं नशिबावर. ते जमत नसेल तर वेल्डचे तुकडे छोटे ठेवा, समोरासमोर आळीपाळीने मारा. सपाट करायचं काम मात्र सगळं वेल्डिंग संपल्यावरच. रेल बसवल्यावर ‘एक छोटासा टाका’ मारणाऱ्याला हात जोडून बाहेर पाठवा.

पट्टी निवडतानाही एक गोम आहे. चकचकीत ब्राइट बार बघून हात शिवशिवतात, पण थंड ओढताना तिच्या कातडीत ताण कोंडलेला असतो. एका बाजूने मिलिंग केलं की तो तोल बिघडतो आणि पट्टी धनुष्यासारखी वळते. काळी, गरम लाटलेली पट्टी दिसायला ओबडधोबड, पण बरीच शांत असते.

ओतीव लोखंड या सगळ्यात सर्वांत सज्जन. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्र्यांच्या रांगा आहेत. थर्माकोलचा पॅटर्न करून एकच कास्टिंग ओतून घेणंही अशक्य नाही. पण ताजं कास्टिंगही मुरवावं लागतं, त्याच्याही पोटात ताण असतो. पहिल्या मशीनला हा घाट नको असं माझं मत.

आधी मोजा

गवंड्याची पाणसळ इथे चालत नाही, ती मीटरला अर्धा-एक मिलिमीटर दाखवते. आपल्याला मशीनवाल्यांची लेव्हल लागते. तिच्यात बुडबुडा एक घर सरकला की मीटरला ०.०२ मिलिमीटर उतार असतो. ती महाग असते, पण मागून आणता येते. ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपच्या कपाटात ती फडक्यात गुंडाळलेली पडलेली असते.

मोजायची पद्धत मला फार आवडते, कारण एवढ्याशा लेव्हलने कितीही लांबीची जमीन मोजता येते. लेव्हलखाली २०० मिलिमीटर अंतरावर दोन टेकू असलेला एक छोटा पूल करा. तो पट्टीवर ठेवा आणि बुडबुडा वाचा. मग पुढे सरकवा, असा की मागचा टेकू आधीच्या पुढच्या टेकूच्या जागी येईल. पुन्हा वाचा. मीटरला ०.०२ म्हणजे २०० मिलिमीटरला ४ मायक्रॉन. प्रत्येक घर म्हणजे चार मायक्रॉनचा चढ किंवा उतार. १२०० मिलिमीटरच्या पट्टीवर सहा पावलं पडतात. समजा वाचनं आली अधिक एक, अधिक दोन, शून्य, उणे एक, उणे दोन, शून्य. बेरीज करत चला: ४, १२, १२, ८, ०, ०. दोन्ही टोकं एका पातळीत आणि मध्ये १२ मायक्रॉनची टेकडी. हे आकडे कागदावर मांडले की पट्टीचा उभा छेद डोळ्यांसमोर येतो.

पीळ बघायला तीच लेव्हल आडवी. दोन पट्ट्यांवर एक सरळ दांडी आडवी टाकायची, तिच्यावर लेव्हल ठेवायची आणि दर वीतभर अंतरावर वाचायचं. सगळीकडे एकच वाचन आलं तर पीळ नाही, मग ते शून्य असो वा नसो. ५०० मिलिमीटरच्या अंतरात एक घर म्हणजे १० मायक्रॉन.

डावी-उजवीकडचा सरळपणा बघायला लेव्हल निरुपयोगी. तिथे ताणलेली पियानोची तार बरी पडते. तारेला झोळ असतोच. चांगली ताणलेली पोलादी तार मीटरभरात दहाएक मायक्रॉन खाली येते. पण तो झोळ उभ्या दिशेचा. आडव्या दिशेत तार अगदी सरळ असते आणि आपल्याला तीच दिशा हवी आहे.

मोजताना फ्रेम कशावर ठेवली आहे हेही बघा. चार पायांवर ठेवली तर फरशीचा पीळ फ्रेममध्ये शिरतो आणि आपण फ्रेम नाही, फरशी मोजत बसतो. तीन टेकू द्या.

आणि तापमान. १०० मिलिमीटर उंचीची, १२०० मिलिमीटर लांबीची पोलादी तुळई घ्या. तिची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा फक्त एक अंशाने जास्त गरम झाली तर मध्ये सुमारे २२ मायक्रॉनचा फुगवटा येतो. मी पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचो. सकाळी आठला घेतलेली वाचनं आणि दुपारी दोनला घेतलेली वाचनं जुळत नाहीत म्हणून दोन दिवस डोकं धरून बसलो होतो. उन्हाची तिरीप फ्रेमवर पडत होती, एवढंच. तेव्हापासून महत्त्वाचं मोजमाप पहाटे, चहाच्याही आधी.

सपाटपणा उसना कुठून आणायचा

वाकड्या हत्याराने सरळ काम होत नाही, तर मग जगातली पहिली सरळ गोष्ट कुणी, कशावरून केली? या कोड्याचं सुंदर उत्तर लंडनमधल्या हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात वापरात होतं. तिथे काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनपुढे ते मांडलं.

आपला पाटा-वरवंटा आठवा. वर्षानुवर्षं वाटून पाट्याला मध्ये खळगा पडतो आणि वरवंटा त्याला तंतोतंत जुळत जातो. म्हणजे दोन वस्तू एकमेकींना जुळल्या याचा अर्थ त्या सपाट आहेत असा होत नाही. एक फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या जुळतात. पण तिसरी आणा. पहिली दुसरीला जुळते, दुसरी तिसरीला जुळते आणि पहिली तिसरीलाही जुळते, तर तिघीही सपाट असल्याखेरीज गत्यंतर नाही. कारण पहिली फुगीर असेल तर दुसरी आणि तिसरी दोघी खोलगट असणार आणि दोन खोलगट एकमेकींना कधीच जुळणार नाहीत. पीळ पकडायला प्लेटा फिरवून, वेगवेगळ्या दिशांनीही जुळवून पाहायच्या. तीन ओबडधोबड प्लेटा, उंच जागा दाखवणारा निळा रंग, एक स्क्रेपर (धातू खरवडायचं हत्यार) आणि अफाट चिकाटी, एवढ्या सामानात शून्यातून सपाटपणा जन्माला येतो. गंमत म्हणजे दुर्बिणीचा आरसा घासणारे हौशी लोक दोनच काचा एकमेकींवर घासतात, कारण त्यांना हवा असतो तो पाट्याचा खळगाच.

आपण तीन प्लेटांपासून सुरुवात करायची गरज नाही. काळ्या ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (अगदी सपाट फरशी) आणि स्ट्रेटएज (अगदी सरळ पट्टी) बाजारात मिळतात. सपाटपणा तिथून उसना घ्यायचा. (स्वयंपाकघरातल्या ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट किंवा कडप्पा चालेल का, हे विचारणारा एक तरी भेटतोच. नाही चालणार. पॉलिशने चकाकी येते, सपाटपणा लॅपिंगने, म्हणजे मोजूनमापून बारीक घासण्याने येतो आणि ओट्याला फक्त चकाकी लागते.)

हा उसनवार करायचे मार्ग मुख्यतः चार. मी त्यांना सारखी जागा देणार नाही.

पहिला मार्ग म्हणजे मोठ्या मशीनवर फेसिंग करून, म्हणजे वरची बाजू सपाट कापून घेणं. रेलची लांबी आठशे-हजार मिलिमीटरच्या आत असेल तर जवळपासची व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) पुरते, त्यापुढे प्लॅनो मिलर (लांब टेबलाचं मोठं मिलिंग मशीन) शोधावी लागते. दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये कापल्या तर त्या एका प्रतलात येतात आणि रेल टेकवायची खांद्याची कडही त्याच वेळी कापता येते. परवडत असेल तर दुसरं काही करू नका. फक्त ऑपरेटरच्या शेजारी उभे राहा. वाकडी फ्रेम क्लॅम्पने दाबून टेबलाला टेकवली, वरून लख्ख कापली आणि क्लॅम्प सोडला की फ्रेम उसळून मूळ वाकडेपणावर जाते. कापलेली बाजू मग तेवढीच वाकडी. आधी फ्रेमखालच्या फटी फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी) मोजून तिथे शिमा (पातळ पत्र्याचे तुकडे) भरायच्या, मग क्लॅम्प मारायचा. शेवटचा हलका कट घेण्याआधी क्लॅम्प ढिले करून पुन्हा जेमतेम आवळायला सांगा. तो कुरकुर करेल, पण करेल.

दुसरा मार्ग स्क्रेपिंगचा. स्ट्रेटएजला निळा रंग पुसट लावायचा, ती पट्टीवर घासायची, निळे ठिपके पडतील ती उंच जागा. तेवढीच खरवडायची, एका फेरीत दोन-चार मायक्रॉन. पुन्हा निळा, पुन्हा खरवड. इंच-चौरसात दहा-वीस ठिपके सारखे पडेपर्यंत हे चालतं. ओतीव लोखंडावर हे काम ध्यान लागल्यासारखं होतं, नरम पोलादावर स्क्रेपर अडकतो आणि ओरखडे उठतात. ज्याला वेळ आहे आणि शेजाऱ्यांशी बोलायचं नाही त्याने जरूर शिकावं.

तिसरा मार्ग इपॉक्सी ओतण्याचा. इथे सपाटपणा थेट गुरुत्वाकर्षणाकडून उसना घेतला जातो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून घराच्या दोन टोकांना एकच पातळी काढतो ते तुम्ही पाहिलं असेल. इथेही तेच. दोन्ही पट्ट्यांभोवती बांध घालायचे आणि दोन्ही चर एका आडव्या चराने जोडायचे. पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओतलं की ते दोन्हीकडे आपोआप एकाच पातळीला थांबतं. सपाटपणा, उंची आणि पीळ, तिन्ही प्रश्न एका फटक्यात. पृथ्वी गोल आहे, मग पातळीही गोल नाही का? आहे. एका मीटरमध्ये तो फुगवटा ०.०२ मायक्रॉन भरतो, तेव्हा झोप उडवून घेऊ नका.

झोप उडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. द्रव बांधाला चिकटून कडेने वर चढतो, त्यामुळे कडेचे काही मिलिमीटर कधीच सपाट नसतात. वीस मिलिमीटरच्या रेलसाठी चर निदान पन्नास रुंद ठेवा आणि कडा नंतर छिलून टाका. १२०० लांब, ५० रुंद, ८ खोल अशा दोन चरांना आणि जोडचराला मिळून सव्वा लिटरच्या आसपास माल लागतो. तो सगळा एका बादलीत कालवून गप्पा मारत बसलात तर बादलीतच तापून उकळेल, कारण जाड गोळ्यात उष्णता कोंडते. कालवा आणि लगेच ओता. तापमान दहा अंशांनी वाढलं की हातात मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून हे काम मे महिन्यात विदर्भात दुपारी करू नये. थंडीतली रात्र उत्तम. पंखा, कॉम्प्रेसर बंद. वर धूळ पडू नये म्हणून कागदाचं छत. बुडबुडे हेअर ड्रायरच्या हलक्या गरम हवेने फोडायचे. मग आठवडाभर त्याला हात लावायचा नाही, आणि हे सगळ्यात अवघड.

आणखी एक मेख आहे. इपॉक्सी पोलादापेक्षा साठ-सत्तर पट मऊ. बोल्ट पूर्ण ९ न्यूटन-मीटरला आवळला तर ८ मिलिमीटरचा थर सुमारे २० मायक्रॉन दबतो. सगळे बोल्ट सारखे आवळले तर सगळीकडे सारखा दबेल आणि बिघडणार काही नाही. एक अंदाजाने, दुसरा रागाने आवळला तर एवढ्या मेहनतीने मिळवलेली पातळी तुम्हीच उंचसखल करून ठेवता. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) लागतोच. आवळणही निम्म्यावर ठेवलं तरी छोट्या मशीनला पुरतं. आटे मात्र खालच्या पोलादात पाडायचे, इपॉक्सीत नाही. शिवाय खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं बरंचसं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे नरमायला लागतं. काळ्या रंगाची फ्रेम उन्हात ठेवली तर ती या आकड्याच्या जवळ सहज जाते.

चौथा मार्ग मला आता सगळ्यात जवळचा वाटतो. पोलादाचा भुगा मिसळलेली इपॉक्सीची घट्ट पेस्ट पट्टीवर पातळ थरात लावायची. ग्रॅनाइटच्या स्ट्रेटएजला मेणाचं पॉलिश तीनदा चोळून, छोट्या स्क्रूंवर तोलून ती पेस्टवर टेकवायची. घट्ट झाल्यावर स्ट्रेटएज उचलली की तिचा सपाटपणा पेस्टवर उमटलेला असतो, पुरणपोळीवर पोळपाटाचा उमटावा तसा. थर एक-दीड मिलिमीटरचाच, त्यामुळे दबणंही कमी. मेण लावायला एक जागा जरी विसरलात तर स्ट्रेटएज मशीनचा कायमचा भाग बनते. दोन पट्ट्यांची एकमेकींशी पातळी मात्र लेव्हल लावून आपल्यालाच जुळवावी लागते.

शिमांबद्दल दोन ओळी. बोल्टापाशी पितळी शिमा सारून रेल सरळ करता येते, मोजमाप छान दाखवते. पण दोन शिमांच्या मध्ये रेल हवेत लोंबकळते आणि कटर पोलादात शिरला की थरथरते. शिमा वापरल्याच तर उरलेली फट त्याच पेस्टने भरून काढा.

बसवताना

भोकांच्या काठांना हलका चॅम्फर (तिरका काप) द्या. आटे आवळताना काठ वर उचलला जातो, त्याला जागा हवी. मग सपाट ऑइल स्टोन तेल लावून पट्टीवरून अलगद फिरवा. कुठे चकाकी उमटली तर तिथे बर आहे. रेलच्या तळावरूनही एक हात. रॉकेलने पुसा, शेवटी नुसत्या तळहाताने. बोटांना जे कळतं ते फडक्याला कळत नाही. रेलखाली रंग नको, प्रायमरही नको.

रेलची एक बाजू संदर्भाची असते, तिच्यावर खूण असते. ती बाजू खांद्याच्या कडेला टेकवा. एक रेल मालकीण, दुसरी तिच्या मागे चालणारी. मालकीण आधी, मध्यापासून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत आवळायची. तारेवरून किंवा डायल गेज (काट्याचं मोजमाप) लावून तिचा सरळपणा बघा. दुसरी रेल बोल्ट जेमतेम टेकवून ठेवा, चारही ब्लॉकवर प्लेट आवळा आणि प्लेट हाताने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत जा. जिथे ब्लॉक पोहोचला तिथला बोल्ट आवळा, पुढे सरका, पुढचा आवळा. समांतरपणा असा प्लेटच ठरवते.

मग मोटर, स्क्रू काही न जोडता प्लेट दोन बोटांनी ढकला. सगळीकडे सारखीच जड लागली पाहिजे. कुठे हात अडला तर फिटरबाबांची युक्ती: तिथले बोल्ट अर्धा आटा ढिले करून पुन्हा ढकला. मोकळी झाली तर रेल नाही, जमीन बघा. इपॉक्सीवर बसवलं असेल तर दोन-तीन दिवसांनी टॉर्क रेंच घेऊन सगळे बोल्ट पुन्हा तपासा, पहिल्यांदा काही ढिले सापडतीलच.